गाळलेली ओळ

आपल्याला सुडाची गोष्ट फार आवडते. त्यातही, जन्मताच टाकून दिलेले पोर मोठे होऊन परत येते आणि ज्यांनी टाकले त्यांच्या दारात उभे राहून हिशेब मागते, ही गोष्ट कितीदा ऐकली तरी आपले पोट भरत नाही. १९७८ साली ‘त्रिशूल’ आला. श्रीमंतीसाठी प्रेयसीला सोडून दुसरीकडे लग्न केलेल्या बिल्डरला त्याचाच न स्वीकारलेला मुलगा एकेक सौदा हिसकावून कंगाल करतो, हे पाहताना थिएटरात ज्या टाळ्या पडत होत्या त्यांत माझ्याही होत्या. आता तीच गोष्ट मोबाइलवर आठ-आठ भागांत येते. माळ्यावरची ट्रंक, तिच्या तळाशी पिवळे पडलेले पत्र, मरणपंथाला लागलेली सुईण, आणि घरातल्या एकेकाची झोप उडवत निघालेला कुणी अनोळखी तरुण. शेवटच्या भागात गुपित फुटते, अपराधी सापडतो, त्याचा नाश होतो. आपण दिवा मालवून निजतो आणि झोपही गाढ लागते. ही गाढ झोपच मला अलीकडे खुपू लागली आहे.

या कथा आपली एक मोठी सोय करतात. टाकण्याचे सगळे पाप त्या एका माणसाच्या खात्यावर लिहून मोकळ्या होतात. बाप लोभी होता, काका कपटी होता, आजी कजाग होती, म्हणून पोर टाकले गेले; ही माणसे बरी निघाली असती तर ते घरातच वाढले असते, असा त्यातून अर्थ निघतो. वस्तुस्थिती अशी आहे की मूल टाकण्यासाठी आपल्या समाजाला दुष्ट माणसाची गरज कधी पडलीच नाही. ते काम पापभीरू माणसांनी केले आहे. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्यांनी, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणाऱ्यांनी, तुळशीपाशी सांजवात लावणाऱ्या हातांनी केले आहे. आपण काही क्रूर करीत आहोत असे त्यांना वाटले नाही, कारण ‘अब्रू’ नावाचे एक वस्त्र त्या कृत्यावर पिढ्यान्‌पिढ्या आधीच पांघरलेले होते. डोळे गेलेले नव्हते; त्या दिशेला पाहायचेच नसते, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते. तेच शिक्षण तुम्हालाही मिळाले आहे आणि मलाही.

कर्णाचेच पाहा. त्याच्यावरची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून मराठी घरांत तिची पारायणे झाली. त्या टाकलेल्या मुलावर आपण जीव ओवाळून टाकतो. परंतु महाभारत कर्णाच्या मरणापाशी थांबत नाही. युद्ध संपल्यावर मृतांना तिलांजली द्यायची वेळ येते तेव्हा कुंती तोंड उघडते: त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. धर्मराजाला शोक अनावर होतो, आणि त्या शोकात तो काय करतो? कुमारिकेच्या मुलाला नदीत सोडायला लावणाऱ्या लोकरीतीला तो शाप देत नाही. यापुढे कोणत्याही स्त्रीच्या मनात गुपित राहणार नाही, असा शाप तो समस्त स्त्रीजातीला देतो. साक्षात धर्माच्या पुत्राला जे दिसले नाही ते आपल्याला दिसावे अशी अपेक्षा कुणी का करावी, असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, दिसायला आपल्याजवळ अडीच-तीन हजार वर्षे होती. आणि दुसरे उदाहरणही आपल्याच परंपरेत होते. छांदोग्य उपनिषदातल्या जबालेला तिच्या मुलाने आपले गोत्र विचारले, तेव्हा मला ते ठाऊक नाही, असे तिने सरळ सांगितले. मुलाने गुरूपुढे तेच सांगितले आणि गुरूने त्याला शिष्य करून घेतले. ही कथा आपण मुलांना सत्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतो. त्यात एक आई आपल्या मुलाशी खरे बोलली, आणि एका समाजाने ते ऐकून घेतले, हे मात्र आपण त्यात शिकवत नाही.

आणि आळंदी? संन्यास टाकून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, आईबाप चार लहान लेकरे मागे ठेवून गेले, अशी परंपरा आपण सगळेच सांगतो. ही मुले आईबापांनी टाकली नव्हती. गावाने धर्मशास्त्राची पोथी उघडून, शांतपणे, सर्वानुमते ती अनाथ केली, आणि वर त्यांच्याकडेच शुद्धिपत्र मागितले. संन्याशाची पोरे हा शब्द त्या गावाने त्यांच्यासाठी ठेवला होता. पुढे त्यांतल्या एकाला आपण ‘माउली’ म्हटले. ज्याची आई आपण हिरावली त्यालाच आई म्हणायचे, यातली विदारकता शतकानुशतके पालखीबरोबर चालताना आपल्या ध्यानात आली नाही. ज्ञानेश्वरांनी सूड घेतला नाही, हे खरे. त्यांनी जगासाठी प्रसाद मागितला. पण त्यांचे ते औदार्य आपण स्वतःच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून वापरले, हेही तितकेच खरे. टाकलेल्या प्रत्येक पोराने ज्ञानेश्वर व्हावे, म्हणजे आपल्याला काही विचारले जाणार नाही!

एकोणिसाव्या शतकात मात्र एका माणसाने विचारले. जोतीराव फुले यांच्या मित्राच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस राहिले, औषधपाणी करूनही गर्भ पडला नाही, मूल जन्मले, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिच्यावर खटला झाला, जन्मठेप होऊन तिला अंदमानात पाठवले गेले. शास्त्रीबुवांचे काय झाले, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. १८६३ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात, आपल्याच आवारात, बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. ज्यांच्या घरांत हे घडत होते त्यांच्याच भिंतींवर त्यांचे गुपित कागदावर छापून लागले. त्या भिंतींच्या आत त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, याचा अंदाज करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. आजही तशी जाहिरात आपल्या सोसायटीच्या फाटकावर लागली तर आपण आधी ती फाडू, आणि मग आपल्या घरात कोण आहे याचा विचार करू.

१८८४ साली, सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिताना, जोतीरावांनी त्या घराचा वीस वर्षांचा जमाखर्च मांडला. पस्तीस गर्भवती विधवा तिथे आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांची पाच मुले जगली. तीस मेली. का मेली, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे: पोट दिसू नये म्हणून आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच झालेल्या इजांमुळे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. दार उघडे होते, दिवा लावलेला होता, सावित्रीबाईंसारखी बाई बाळंतपणाला उभी होती, आणि तरीही पस्तिसांतली तीस गेली, कारण त्या दारापर्यंत पोहोचायच्या आत आपण आपले काम केलेले होते. कुठल्या सूडकथेत इतकी माणसे मरतात? या तिसांचा मारेकरी कोण म्हणून कुणाचे नाव घ्यायचे? औषध देणाऱ्या वैदूचे, ते आणून देणाऱ्या सासूचे, की त्या घरी दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला जाऊन काहीच न पाहिल्यासारखे परत आलेल्या बायकांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे? जगलेल्या पाचांविषयी त्या टिपणात फार काही नाही. त्याच घरात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला फुल्यांनी दत्तक घेतले, मृत्युपत्र करून वारस केले. आणि १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी या मुलाला हरकत घेतली, मग ते सावित्रीबाईंनी स्वतः हातात घेतले, असे सांगतात.

सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच अपराधासाठी फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली, पण दरम्यान वर्तमानपत्रांनी बाईच्या जातीवर जी राळ उडवली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. या सगळ्यात पुरुष कुठे आहे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. कचराकुंडीत, उसाच्या फडात, रेल्वेच्या डब्यात अर्भक सापडते, आणि दुसऱ्या दिवशी ‘निर्दयी माते’चा मथळा छापून येतो. भारतीय दंड संहितेच्या ३१७ व्या कलमात, मूल उघड्यावर टाकण्याच्या अपराधात, आईबरोबर बापाचेही नाव होते. आता नव्या न्याय संहितेच्या ९३ व्या कलमातही आहे. कायदे करणाऱ्या परक्या साहेबाला बाप दिसला होता. आपल्या बातमीत तो दिसत नाही. मी अनेक वर्षे वर्तमानपत्रांतून लिहिले, असे मथळे माझ्या टेबलावरूनही गेले, आणि त्यांतला एकही मी बदलला नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे दत्तकाची केवढी थोर परंपरा आहे! आहे खरी, संस्थाने तिच्यावर टिकली, तिच्यासाठी लढली. पण ती परंपरा कुणासाठी होती ते पाहा. दत्तक घ्यायचा तो पिंडासाठी, वंशासाठी, वतनासाठी. म्हणून मुलगाच घ्यायचा, आणि तोही गोत्र-कूळ ठाऊक असलेला. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार फक्त आईबापांना होता. ज्याला आईबाप नाहीत त्याला देणार कोण? म्हणजे ज्या मुलाला घराची सर्वांत जास्त गरज, तेच मूल शास्त्राप्रमाणे दत्तक जाऊ शकत नव्हते. १९५६ च्या कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले, आणि टाकलेल्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने पालकाला दत्तक देता यावे यासाठी त्यात १९६२ साली दुरुस्ती करावी लागली. तोवर आपण परंपरेचे पोवाडेच गात होतो. पंढरपुरात मात्र लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने १८७५ सालीच टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. विठोबाच्या गावी, यात्रेच्या गर्दीत, मूल ठेवून जाणे सोपे होते. ते उचलून घेणे मात्र बाहेरच्या माणसाला सुचावे लागले.

टाकणे हे क्रियापद आपण बायकोलाही लावतो, पोरालाही आणि कचऱ्यालाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभ करून बदलली गेली, कारण त्या सगळ्यांचे नाव ‘नकुशी’ होते. त्या घरातच वाढल्या होत्या, घरचेच जेवत होत्या. फक्त हाक मारताना रोज थोड्या टाकल्या जात होत्या.

आज कायदा बराच पुढे गेला आहे. ज्या आईला मूल वाढवणे शक्य नाही तिला बालकल्याण समितीपुढे ते विधिवत सोपवता येते. फेरविचाराला साठ दिवस मिळतात आणि तिची ओळख गुप्त राखली जाते. हे आपल्या गावातल्या किती आशाताईंना, किती शिक्षकांना, किती डॉक्टरांना नीट सांगता येईल? किंबहुना, किती जण ते सांगायची हिंमत करतील? महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिले, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना पहिल्यांदाच कळले की बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाकडे जातीच्या रकान्यात लिहायला काही नसते, आणि त्या रिकाम्या रकान्यासह भाड्याची खोलीसुद्धा मिळत नाही. दत्तक गेलेल्यांना मोठेपणी आपले मूळ शोधण्याची तरतूदही नियमांत आहे. मात्र जन्मदात्यांची संमती नसेल तर नाव सांगितले जात नाही. हे योग्यच आहे. आईचे गुपित आईचे आहे, त्यावर इतर कुणाचा, अगदी तिच्या मुलाचाही, सरसकट हक्क नाही, असे मी मानतो. अडचण अशी, की आपल्याकडे ते गुपित आईचे कधी नसतेच. ते घराण्याचे असते, आणि तिच्या तोंडावर हात ठेवून सांभाळले जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी एक आत्या होती. मी सात-आठ वर्षांचा असताना ती शिवण शिकायला म्हणून दूरच्या नातेवाइकांकडे गेली आणि सहा-सात महिन्यांनी परत आली. येताना शिवणयंत्र आले नाही. ती वाळली होती. मी तिला विचारायला गेलो तेव्हा आजीने माझ्या दंडाला चिमटा काढला, आणि त्या एका चिमट्याने मला आमच्या घराण्याची दीक्षा मिळाली. आत्याचे लग्न पुढे झाले नाही. ती भावांच्या संसारात राबली, आमची आजारपणे काढली, पापड लाटले. श्रावणात एक दिवस ती कडक उपास करी. त्या तिथीला कोणतेही व्रत नसे. आम्ही मुले तिला हसायचो, ‘आत्याची खासगी एकादशी’ म्हणायचो. मोठे कुणी हसत नसत, आणि तिला कधी जेवायचा आग्रहही करीत नसत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते.

आत्या गेली, त्यानंतर दीडेक वर्षाने एक बाई आमच्या दारी आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. कथेत अशी माणसे विलायतेहून येतात, मोटारीतून उतरतात. या लाल एसटीने आल्या होत्या आणि बसमध्ये उभ्याने आल्यामुळे दमल्या होत्या. एका संस्थेच्या जुन्या नोंदवहीतून त्यांना आईचे नाव, आडनाव आणि गाव मिळाले होते. समोर बसलेल्या काकांना त्यांनी आत्याचे नाव घेऊन विचारले. काका शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, गावात शब्दाला मान असलेले, कधी कुणाचे वाईट न चिंतलेले गृहस्थ. ते म्हणाले, “या नावाचं कुणी या घरात नव्हतं, बाई. तुमची काहीतरी चूक होतेय.” मुलीला नाकारण्यासाठी त्यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही नाकारले. आत्याचा फोटो हार घालून त्यांच्याच डोक्यावर टांगलेला होता. बाईंनी एकदा वर पाहिले. चेहरा सारखा होता की नव्हता, हे मी सांगणार नाही. सगळ्यांनी आपापल्यापुरते पाहिले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. सुनेने दिलेला चहा त्या पूर्ण प्यायल्या, कप स्वतः उचलून मोरीशी ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि सव्वाचारची गाडी मिळेल का, एवढे विचारून निघाल्या.

मी तिथे होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात वर्तमानपत्र धरून. तोवर स्त्रियांच्या प्रश्नांवर माझे बरेच लेख छापून आलेले होते. फाटकापर्यंत जाऊन त्यांचे नाव आणि पत्ता विचारायला मला दोन मिनिटे लागली असती. मी वर्तमानपत्राचे पान उलटले. त्या काही सूड घ्यायला आल्या नव्हत्या. इस्टेटीचा उल्लेखही त्यांनी केला नाही. आपली आई कशी होती, एवढेच त्यांना हवे होते, आणि ते सांगू शकणारी पाच माणसे त्या खोलीत गप्प बसली होती. जे पोर सूड घ्यायला येते त्याच्यापुढे निदान घाबरता तरी येते. जे चहा पिऊन, कप विसळायला ठेवून निघून जाते त्याच्यापुढे काय करायचे, हे आपल्या कोणत्याही कथेने आपल्याला शिकवले नाही.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त निघतो आहे, दुसरी आवृत्ती. संपादनाचे काम वयाने मोठा म्हणून माझ्याकडे आले. बाराव्या पिढीपर्यंतचे पुरुष त्यात आहेत, कुणी किल्ल्यावर होते, कुणी काशीला गेले, कुणाला इंग्रज सरकारने काय दिले ते आहे. गेल्या आठवड्यात आमच्या शाखेचे मुद्रित आले. आत्याच्या नावापुढे छापले होते: अविवाहित, अपत्य नाही. तिचे गुपित असे छापून फोडायचा मला अधिकार आहे का, यावर मी चार रात्री विचार केला. जिवंतपणी तिने ते बोलून दाखवले नाही, हे खरे. पण दर श्रावणात तिने ते सगळ्या घरासमोर उपाशी राहून पाळले, हेही खरे. मला ती लपवाछपवी वाटत नाही.

‘अपत्य नाही’ हे शब्द मी खोडले. ‘कन्या एक’ असे लिहिले. चुलतभावाचा दोनदा फोन आला. मुलींची लग्ने व्हायची आहेत, लोक काय म्हणतील, असे त्याचे म्हणणे आहे. तो वाईट माणूस नाही. मी त्याला म्हटले, लोक म्हणजे आपणच. त्याने फोन ठेवला, मग थोड्या वेळाने पुन्हा केला आणि विचारले, “त्या बाईंचं नाव काय होतं रे?” मला सांगता आले नाही. ज्या नोंदवहीतून त्या आल्या ती कुठल्या संस्थेची, हे शोधायला सुरुवात केली आहे. तो म्हणाला, मीही चौकशी करतो. छापखान्याला मी कळवले आहे की त्या पानावर एका ओळीची जागा मोकळी सोडावी, आणि तोवर फर्मा बांधू नये.